सॅलिसिलिक ॲसिड पहिल्यांदाच लावताय? मग जरा दमानं

सहा-सात वर्षं झाली असतील, मी तेव्हा कर्वेनगरला पीजीत राहायचे. हनुवटी आणि कपाळ दोन्हीकडे बारीक बारीक पुटकुळ्यांची नुसती रांगोळी, आणि कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं की सॅलिसिलिक ॲसिड लावा, आठवड्यात फरक. गेले कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, संध्याकाळची गर्दी, मी म्हटलं "दादा, सॅलिसिलिक ॲसिड द्या". त्याने मागच्या फळीवरून एक इवलीशी काचेची बाटली काढून दिली, शंभराच्या आत पैसे, मी खूश. रूमवर येऊन झाकण उघडलं तर नेलपेंटसारखा भपकारा. तरी लावलं, कारण अक्कल. हनुवटीवर दोन ठिपके. वाळून त्याचा पांढरा पापुद्रा झाला आणि दहा मिनिटांत अशी आग सुटली की नळाखाली तोंड धरून उभी होते, आणि मग कुठे खोका वाचला. पायाच्या कुरुपाचं औषध होतं ते! सॅलिसिलिक सोळा-सतरा टक्के. कुरूप घालवायचं औषध लावून मीच कुरूप व्हायची वेळ आली होती. आग दोन दिवसांत गेली पण हनुवटीवरचा काळा डाग जायला आठ महिने लागले.

दुकानदाराला तरी काय बोलणार, मी नाव सांगितलेलं, टक्के कुठे सांगितले होते.

मागच्या जूनमध्ये माझा मावसभाऊ कराडहून एमपीएससीच्या तयारीला सदाशिव पेठेत राहायला आला आणि तीन आठवड्यांत फोन, "ताई, तोंड बघ माझं, मेसचं जेवण बाधलं वाटतं, रूममेट म्हणतोय सॅलिसिलिक लाव, पण तोंडाला ॲसिड कसं लावायचं गं?" त्याला व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्याने जे सांगत गेले तेच इथे सलग लिहितेय. मी डॉक्टर नाही, ठेच खाऊन शिकलेली आहे, आणि नंतर स्किनवाल्या डॉक्टरांकडे दोन वर्षं गेलेय त्यामुळे त्यांचे बरेचसे शब्द माझ्या तोंडात बसलेत.

आधी हे आहे काय ते समजून घ्या

ॲसिड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर संडास साफ करायची बाटली येते, पण दही, चिंच, लिंबू यातपण ॲसिडच असतं, प्रश्न कुठलं आणि किती याचा. सॅलिसिलिक हे नाव आलं सेलिक्स या लॅटिन शब्दावरून, म्हणजे विलोचं झाड, तेच ज्याच्या लाकडाच्या क्रिकेटच्या बॅटी होतात. आपल्याकडे नदीकाठी वाळुंज असतं ना, ते त्याच कुळातलं. विलोच्या सालीतल्या पदार्थापासून १८३८ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी हे ॲसिड मिळवलं आणि पुढे त्यातूनच ॲस्पिरिन निघालं. आता बाटलीत जे मिळतं ते कारखान्यात बनवलेलंच असतं, त्यात वाईट काही नाही. पण ॲस्पिरिनचं हे नातं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याचा खरा गुण एकच, हे तेलात विरघळतं. बाकीची बरीच ॲसिड, म्हणजे ग्लायकोलिक, लॅक्टिक, ही पाण्यात विरघळणारी, ती कातडीच्या वरवर काम करतात. आपल्या चेहऱ्यावर जी छिद्रं असतात, ज्याला सगळे पोअर्स म्हणतात, त्यात आतून तेल येत असतं आणि कडेच्या मेलेल्या पेशी त्या तेलात मिसळून बूच बसतं. मोरीच्या जाळीत केस आणि साबणाचा थर मिळून कसा गोळा होतो, डिट्टो तसं. सॅलिसिलिक त्या तेलातून वाट काढत आत शिरतं आणि मेलेल्या पेशींची एकमेकांवरची पकड सैल करतं, मग बूच हळूहळू सुटतं. शिवाय सूज थोडी कमी करतं. बास. पिंपलवर लावलं आणि सकाळी गायब, असलं काही याच्या हातात नाही. हे मोरी तुंबू नये म्हणून आहे, तुंबून घरभर पाणी झाल्यावर प्लंबरच बोलवावा लागतो.

पहिली पायरी: आरशासमोर, दिवसा, खिडकीपाशी

बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात सगळंच भयंकर दिसतं. खिडकीपाशी जाऊन नीट बघा तुमच्याकडे नक्की काय आहे.

नाकावर, हनुवटीवर काळे ठिपके आहेत, बोट फिरवलं की खरखर लागते, ते ब्लॅकहेड्स. काळा रंग मळाचा नसतो, उघड्या तोंडाशी आलेलं ते बूच हवेने आणि त्वचेतल्या रंगद्रव्याने काळं पडतं, त्यामुळे घासून घासून जात नाही. कातडीच्या रंगाचे बंद छोटे दाणे म्हणजे व्हाइटहेड्स. या दोन्हीला सॅलिसिलिक एकदम बरोबर. बारीक लाल पुटकुळ्या असतील तरी उपयोग होतो. पण मोठ्या, खोल, दुखणाऱ्या गाठी असतील, ज्या उशीवर गाल टेकवला की ठणकतात, तर ही बाटली विकत घेऊ नका, ते पैसे डॉक्टरच्या फीला ठेवा. तसल्या गाठी खड्डे पाडतात आणि खड्डे मग कशानेच सहज जात नाहीत.

नाकावर एकसारखे, करडे, रांगेत बसवल्यासारखे टिपके असतील तर बहुतेक ते ब्लॅकहेड्स नाहीतच, तेल बाहेर यायच्या नैसर्गिक वाटा आहेत त्या, सगळ्यांना असतात. स्ट्रिपने ओढून काढल्या तरी महिनाभरात परत भरतात. सॅलिसिलिकने जरा कमी उठून दिसतील एवढंच. माझ्या मैत्रिणीने यापायी नाकाची साल काढून घेतलीय.

अजून एक, कपाळावर अचानक उठलेले, सगळे एका मापाचे, खाजणारे दाणे, विशेषतः पावसाळ्यात किंवा जिम सुरू केल्यावर, तर ते यीस्ट नावाच्या बुरशीमुळे असू शकतं. त्याचं औषध वेगळं असतं, खाज हीच खूण.

आता कोणी लावू नये ते सांगते. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर अजिबात नाही, तेच ते नातं. प्रेग्नंट असाल किंवा बाळाला पाजत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. लहान मुलांना नाही. एक्झिमा म्हणजे इसब असेल, कातडी आधीच फाटलेली, सोललेली असेल तर नाही. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर आधीच ओठ-चेहरा कोरडा ठक्क झालेला असतो, त्यात ही भर नको, आणि सॅलिसिलिक लावायचंच असेल तर गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारून.

आणि हे जरा ठळक वाचा. आपल्याकडे घरोघरी एक ट्यूब असते जी खाजेला, पुरळाला, "गोरं व्हायला", सगळ्याला चालते असा समज आहे. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ती चेहऱ्याला महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, आणि बंद केली की पिंपल्स आणि लाली उसळून येते, मग माणूस घाबरून परत लावतो. तुमचं असं चाललं असेल तर ॲसिड राहू द्या, आधी डॉक्टर. काही ट्यूबमध्ये स्टेरॉइड आणि सॅलिसिलिक दोन्ही एकत्र असतं, सोरायसिससारख्या जाड कातडीच्या आजारांसाठी, ती नाव सारखं दिसतं म्हणून तोंडाला लावू नका.

दुसरी पायरी: दुकान

तुळशीबागेत टिकल्या घ्या, क्लिपा घ्या, भाव करून ओढण्या घ्या, ॲसिड मात्र मेडिकलमधून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, बिलासकट. आणि तोंडाने सांगताना पूर्ण सांगा: "चेहऱ्यासाठी, सॅलिसिलिक, दोन टक्क्यांच्या आतलं."

०.५ ते २ टक्के, घरी वापरायची रेंज एवढीच. अमेरिकेतपण विनाप्रिस्क्रिप्शन पिंपल्ससाठी हीच मर्यादा आहे. क्लिनिकमधे पील करतात, म्हणजे कातडीचा वरचा थर सोलून काढतात, ते २०-३० टक्क्यांचं असतं, मिनिटं मोजून लावतात, आणि ते हल्ली ऑनलाइन सर्रास मिळतं, कृपा करून मागवू नका. कुरुपाच्या पट्टीत तर ४० टक्के असतं, यावरून कल्पना करा की माझी हनुवटी किती स्वस्तात सुटली.

मग प्रश्न येतो फेसवॉश की सीरम. फेसवॉश तोंडावर राहतं अर्धा मिनिट, धुतलं की गेलं, त्यामुळे सौम्य. अगदीच नवीन असाल, कातडी पटकन लाल होत असेल, किंवा तुमच्यात रोज काही लावायचा पेशन्स नसेल तर फेसवॉशपासून सुरू करा, फक्त ते मिनिटभर हलक्या हाताने फिरवत ठेवा. सीरम किंवा लिक्विड रात्रभर राहतं म्हणून जास्त काम करतं आणि जास्त त्रासही देऊ शकतं. दोन्ही एकदम घेऊ नका. दुकानात कॉम्बो ऑफर असते, फेसवॉश, टोनर, सीरम, तिन्हीत सॅलिसिलिक, ७०० रुपयांत, आणि आपण पुणेकर, ऑफर सोडवत नाही. तिन्ही लावलं की आठव्या दिवशी तोंड भाजलेल्या पापडासारखं होतं.

लेबलवर मागच्या बाजूला घटकांची यादी असते, त्यात सॅलिसिलिक ॲसिड असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. "विलो बार्क एक्स्ट्रॅक्ट" लिहिलं असेल तर तो झाडाच्या सालीचा अर्क, त्यात खरं ॲसिड किती ते कळत नाही. बेटेन सॅलिसिलेट हा जरा सौम्य भाऊ, तो चालतो. यादीत सुरुवातीलाच अल्कोहोल आणि सुगंध असेल तर मी तरी ठेवून देते. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साधारण ३ ते ४ असेल तर ॲसिड नीट काम करतं, काही कंपन्या छापतात, नसेल छापलं तर त्यावरून झोप उडवू नका.

तिसरी पायरी: दोन आठवडे काहीच लावायचं नाही

म्हणजे ॲसिड लावायचं नाही. भाऊ इथेच वैतागला, "अगं बाटली आणलीय ना मी!" उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पण ही पायरी जे गाळतात तेच नंतर रडतात.

या दोन आठवड्यांत तीनच गोष्टी: सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. भाऊ तोंडालापण अंगाचाच साबण लावत होता, आणि कपाळावर सकाळी घसघशीत खोबरेल, कारण आईने सांगितलंय. केसाचं तेल घामाबरोबर कपाळावर उतरतं आणि तिथलीच छिद्रं बुजतात. तेल सुट्टीच्या दिवशी, न्हायच्या आधी तासभर, आणि न्हाताना कपाळ पण धुवा, एवढं केलं तरी त्याचं अर्धं कपाळ ॲसिडच्या आधीच निवळलं होतं.

तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. तेल वेगळं, पाणी वेगळं. ॲसिड लावणाऱ्या कातडीला ओल धरून ठेवायला काहीतरी लागतंच, जेलसारखं हलकं घ्या. सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं, दोन बोटांवर दोन रेघा एवढं चेहरा-मानेला. सॅलिसिलिकने उन्हाचा त्रास ग्लायकोलिकइतका वाढत नाही, खरंय, पण आपली सावळी-गव्हाळी कातडी जरा कुठे चिडली की काळा डाग टाकते आणि ऊन तो डाग पक्का करतं. पिंपल आठ दिवसांचा पाहुणा, डाग मात्र भाडेकरू, कुणी काढला तरी निघत नाही. म्हणून गोऱ्यापान लोकांच्या व्हिडिओत "रोज दोनदा लावा" सांगतात ते आपण करायचं नाही.

तुमच्या सोसायटीत टँकरचं बोअरचं पाणी असेल, वाघोली, हिंजवडीकडे बऱ्याच ठिकाणी असतं, तर साबणाला फेस येत नाही आणि तोंड धुतलं की ताणल्यासारखं होतं. तिथे मॉइश्चरायझर ओल्या तोंडावरच लावा, वाट बघू नका.

चौथी पायरी: कानाखाली

जबड्याच्या कडेला कानाखाली, वाटाण्याएवढ्या जागेत, थोडंसं सीरम. एका रात्री लावा, एक रात्र सोडा, परत लावा. तीन-चार दिवसांत लाल, सुजलेलं, फोड असलं काही नाही आलं तर पुढे. किंचित चुरचुर मिनिटभर, तेवढं चालतं. हे लिहायला दोन ओळी लागल्या पण कोणी करत नाही, करा.

पाचवी पायरी: पहिली रात्र

रविवार ठेवू नका, सोमवारी ऑफिस असतं. शुक्रवार रात्र बरी.

तोंड धुवा, टिपून घ्या, घासून नाही. मग पाच-दहा मिनिटं थांबा, पूर्ण कोरडं होऊ दे, ओल्या कातडीवर काही जणांना जास्त चुरचुरतं. आता तळहातावर दोन थेंब. दोनच. ड्रॉपर दाबला की अर्धी नळी येते, तिचा मोह आवरा, उरलेलं परत बाटलीत सोडा. बोटाच्या टोकाने जिथे त्रास आहे तिथे, नाक, हनुवटी, कपाळाचा मधला पट्टा. गालांवर काही नसेल तर गालांवर नको. डोळ्यांच्या आसपास नाही, ओठांच्या कडेला नाही, आणि नाकपुडीच्या पाकळीला जी घडी पडते ना, तिथे तर हमखास साचतं आणि दोन दिवसांनी तिथेच सालं निघतात. पहिले काही दिवस मी त्या घडीत आणि ओठांच्या कोपऱ्यात आधी थोडं व्हॅसलीन लावून ठेवायचे, बांध घातल्यासारखं.

लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होईल, मिनिटभर, फार तर दोन. भावाने मला त्या रात्री अकरा वाजता व्हिडिओ कॉल केला, "ताई, काहीतरी होतंय." काय होतंय? "गार वाटतंय आणि टोचतंय." म्हटलं आकडे मोज. एकशेवीसपर्यंत मोजायच्या आत थांबलं. नसतं थांबलं, आग वाढत गेली असती, तर साध्या पाण्याने धुऊन टाकायचं, विषय संपला. हिंमत दाखवायची ही जागा नाही. पाच-दहा मिनिटांनी वरून मॉइश्चरायझर, आणि झोपा. सकाळी साधं तोंड धुणं आणि सनस्क्रीन.

ज्यांना फारच भीती वाटते त्यांनी आधी मॉइश्चरायझर, मग ॲसिड, असं उलट केलं तरी चालतं, जोर जरा कमी होतो. किंवा सीरम लावून पंधरा मिनिटांत धुवायचं, पहिले चार-सहा वेळा.

मग पुढचे दोन-तीन महिने

पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, म्हणा सोमवार आणि शुक्रवार. काही त्रास नाही तर तीनदा. महिन्याभराने एकाआड एक रात्र. बहुतेकांना इथे थांबलं की पुरतं, रोज लावलंच पाहिजे असं काही नाही. मी स्वतः आज सहा-सात वर्षांनीसुद्धा तीनदाच लावते, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकतो तेव्हाचा घाम बघून कधी चारदा, डिसेंबर-जानेवारीत सकाळी हुडहुडी भरते आणि गाल पांढरे पडतात तेव्हा एकदा नाहीतर अजिबात नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक गंमत होते. पिंपल्स वाढतात. आतली बुचं भराभर वर येतात म्हणून, याला पर्जिंग म्हणतात. भावाने इथे बाटली फेकायची तयारी केली होती. ओळखायचं असं: तुमच्या नेहमीच्याच जागी येतायत, लहान आहेत, लवकर येऊन लवकर जातायत, तर थांबा, चार-सहा आठवड्यांत ओसरतं. पण जिथे आयुष्यात कधी पिंपल आला नाही तिथे येतायत, खाज आहे, कातडी लाल चकचकीत दिसतेय, साधं पाणी लावलं तरी झोंबतंय, तर ते पर्जिंग-बिर्जिंग काही नाही, तुमची कातडी नको म्हणतेय. बंद. सगळं बंद, फेसवॉशपण सौम्यच, मॉइश्चरायझर जाडसर, हवं तर वरून व्हॅसलीनचा हात, आणि पूर्ण शांत होईपर्यंत आठवडा-दोन आठवडे काही नाही. मग परत सुरू करायचंच असेल तर कमी टक्के, आठवड्यातून एकदा. सूज आली, श्वासाला त्रास झाला तर मात्र वाट बघायची नसते, सरळ हॉस्पिटल.

खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनी कळतो. दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी एक फोटो काढून ठेवा, कारण रोज आरशात बघणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही.

पुण्यात राहताय म्हणून

आपल्याकडच्या मुली गाडीवर निघाल्या की स्कार्फ, गॉगल, हातमोजे, सनकोट, सगा भाऊ ओळखत नाही. मीपण तशीच. पण तो स्कार्फ धुतो कधी? माझा डिकीत असायचा, रेनकोट आणि गाडीच्या कागदांबरोबर, पंधरा पंधरा दिवस. त्याला चांदणी चौकाची धूळ, कालचा घाम, परवाचं सनस्क्रीन, आणि तोच हनुवटीला आवळून बांधायचा, वरून हेल्मेटचा पट्टा. माझ्या हनुवटीच्या पुटकुळ्यांचं अर्धं कारण ते होतं हे मला डॉक्टरांनी स्कार्फ कुठे बांधता ते दाखवा म्हटल्यावर कळलं. आता चार सुती स्कार्फ आहेत, रोज एक धुवायला. हेल्मेटच्या आतलं कापड निघत असेल तर ते पण धुवा, निघत नसेल तर डोक्याला आधी पातळ रुमाल.

ढोल पथकात असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये नदीपात्रातली प्रॅक्टिस, चिकचिकाट, पाठभर पुरळ उठतो. पाठीला सॅलिसिलिकचं बॉडीवॉश चांगलं, दोन-तीन मिनिटं ठेवून धुवायचं. सीरम पाठ-छाती-हात सगळीकडे फासू नका, फार मोठ्या भागावर लावलं तर ते अंगात उतरू शकतं, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी तर नक्कीच नाही.

पार्लर. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच, फेशियलच्या दोन-तीन दिवस आधीपासून ॲसिड बंद, नंतरपण दोन-तीन दिवस बंद. अपरलिपचं वॅक्स करताना कातडीच निघून आलेली मी बघितलीय, लग्नाच्या चार दिवस आधी, नवरी. मुलांनी दाढी केली त्या रात्री लावू नये.

आणि घरगुती प्रेम. ॲसिड चालू असताना लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट, अक्रोडाचा स्क्रब, काही नको. ॲस्पिरिनची गोळी कुटून लेप लावतात तोपण नको, गोळी पोटात घ्यायला बनवलीय. मुलतानी माती पंधरा दिवसांतून एकदा, ज्या रात्री ॲसिड नाही त्या दिवशी, ठीक.

बरोबर काय चालतं, काय नाही

नायसिनामाइड, म्हणजे व्हिटॅमिन बी३ चा प्रकार, चालतं, छान जमतं दोघांचं. व्हिटॅमिन सी सकाळी लावत असाल तर सॅलिसिलिक रात्री. रेटिनॉल किंवा ॲडापलीन, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या जातीतली क्रीम, त्याच रात्री नाही, आड रात्री, आणि दोन्ही एकदम सुरू तर अजिबातच नाही, आधी एकाची सवय होऊ दे. बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे पिंपल्सचे जंतू मारणारं औषध, सकाळी एका पिंपलपुरतं ठीक, पण ते टॉवेलचा आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडवतं, आईच्या सोलापुरी चादरीवर माझा गाल अजून पांढरा उमटलेला आहे. ग्लायकोलिक वगैरे दुसरं ॲसिड नवशिक्याने कपाटातच ठेवावं.

मेसच्या जेवणाचं म्हणाल तर भावाची मेस निर्दोष सुटली. तळकट खाल्लं की थेट पिंपल असं सरळ नातं नाही. गोड, मैदा, आणि काही जणांना दूध किंवा जिमवाली व्हे प्रोटीन पावडर, याने वाढू शकतात. त्याच्या पावडरचा डबा मी बघितला, तीन किलोचा, महिन्यापूर्वीच सुरू केलेला. बंद कर म्हटलं तर नाराज, अर्धी केली.

बारा आठवडे नीट लावूनही फरक नाही, गाठी येतायत, खड्डे पडायला लागले, मुलींना पिंपल्सबरोबर पाळी पुढे-मागे आणि हनुवटीवर राठ केस, तर स्किनच्या डॉक्टरकडे जा, स्किनमधली एमडी किंवा डीव्हीडी, म्हणजे स्किनचा डिप्लोमा, लिहिलेलं बघून. प्रायव्हेटची फी परवडत नसेल तर ससूनला स्किनची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा, सकाळी लवकर जायचं, रांग असते, पण बघतात नीट. जाताना तुम्ही लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, नावं आठवत बसू नका.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर स्केचपेनने लिहा. मागे उघड्या डबीचं चित्र असतं, त्यात किती महिने ते लिहिलेलं असतं. बाथरूमच्या खिडकीत उन्हात ठेवू नका.

भावाचं म्हणाल तर ऑक्टोबरपर्यंत कपाळ साफ, हनुवटीवर दोन-चार. दिवाळीला कराडला गेला. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला मला मेसेज: "ताई, रात्री ॲसिड लावलेलं आणि आता आई उटणं घेऊन दारात उभीय, काय सांगू?" म्हटलं अंगाला लाव म्हणावं, तोंड सोडून. पाच मिनिटांनी मावशीचाच फोन, तोंडाला उटणं नाही मग अभ्यंगस्नान कसलं ते? शेवटी तोडगा निघाला, कपाळाला बोटभर लावून लगेच धुतलं.